दहा सेकंदांची ट्रिक इथेनॉलपाशी फसते

बोर्डाची परीक्षा जवळ आली की लातूर-नांदेडकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ज्वलनाचं रासायनिक समीकरण दहा सेकंदांत जुळवायची एक ‘ट्रिक’ फिरते: जितके कार्बन तितके कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजनच्या निम्मं पाणी, आणि ऑक्सिजनचे रेणू म्हणजे कार्बन अधिक हायड्रोजनचा पाव. खाली ठणकावून लिहिलेलं असतं: ‘कोणतंही इंधन चालतं. अपूर्णांक आला तर गणित चुकलं. दोन्ही बाजू जुळल्या की समीकरण बरोबर.’

‘कोणतंही इंधन’ चालत नाही. मिथेनला चालतं (१ + १ = २), प्रोपेनलाही (३ + २ = ५), कारण त्यांत कार्बन-हायड्रोजनशिवाय काही नाही. आता आपल्याकडे उसापासून निघणारं इथेनॉल घ्या. रेणूत २ कार्बन, ६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. ट्रिक सांगते ३.५. मग अणू मोजा: डावीकडे ऑक्सिजनचे १ + ७ = ८, उजवीकडे ४ + ३ = ७. इंधनात आधीच असलेला ऑक्सिजन वजा करायचा राहिला. त्याच्या अणूंच्या निम्मे काढा: ३.५ − ०.५ = ३.

इथेनॉल + ३ ऑक्सिजन → २ कार्बन डायऑक्साइड + ३ पाणी

साखरेत (१२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन) ट्रिक १७.५ देते, खरं उत्तर १२. इंधनात गंधक असेल तर ट्रिकचं नावच काढू नका.

अपूर्णांकाचं म्हणाल तर ब्युटेनला (४ कार्बन, १० हायड्रोजन) ६.५ येतात आणि ते बरोबरच आहेत. पूर्णांक हवेत तर सगळंच दुप्पट करा:

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

मार्क जातात ते एकटा ऑक्सिजन दुप्पट केल्याने. त्याहून वाईट म्हणजे रेणुसूत्रातला खालचा आकडा बदलणं. पाण्यात एक ऑक्सिजन वाढवला की ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बारावीत ज्वलनाची एन्थाल्पी (जळताना निघणारी उष्णता) १ मोल इंधनामागे लिहितात, तिथे तर अपूर्णांक मुद्दाम ठेवतात.

‘जुळलं की बरोबर’ हे सगळ्यात फसवं. गोबरगॅसमधल्या मिथेनचं हे समीकरण पाहा:

२ मिथेन + ३ ऑक्सिजन → २ कार्बन मोनॉक्साइड + ४ पाणी

हेही चोख जुळतं. प्रत्यक्षात काय होतं ते हवा किती मिळाली यावर ठरतं. शेगडीच्या हवेच्या छिद्रात कचरा अडकला की ज्योत पिवळी पडते, पातेल्याचं बूड काळं होतं. तेव्हा काजळी, मोनॉक्साइड, डायऑक्साइड सगळं एकदमच निघतं आणि ठरलेले गुणक (रेणूंपुढचे आकडे) उरतच नाहीत. म्हणून प्रश्नात ‘पूर्ण ज्वलन’ म्हटलंय का, नसेल तर कोणती उत्पादितं दिलीत, हे आधी वाचा. मग कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी: तो सुटा असतो, त्याचा गुणक बदलला तरी बाकीचं बिघडत नाही.