शनिवारी लोकलने येणाऱ्या बाईचं उत्तर

नमस्कार 'फोर्टकर',

मुंबईच्या फोर्टमध्ये काळ्या घोड्याच्या आसपास पायी हिंडून कुठे काय खावं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. रात्री वाचली आणि सकाळी परत वाचली, कारण रात्री वाटलं की मीच चिडून वाचतेय. सकाळीही ती तशीच होती.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोर्टकरांचं म्हणणं असं: 'ताई, शनिवारी लोकलने यायचं, चार फोटो काढायचे आणि फोर्टच्या खाण्यावर प्रवचन द्यायचं, ही आता फॅशन झाली आहे.' पुढे, हा भाग मुळात कारकुनांचा, त्याला 'कलेचा परिसर' हे लेबल फेस्टिव्हलवाल्यांनी चिकटवलं. नव्या कॅफेंमधल्या एका कॉफीच्या पैशात साध्या माणसाचं दोन दिवसांचं जेवण होतं. रस्त्यावर खाणं विकणाऱ्या गाडीवाल्यांना मी एका ओळीत उरकलं. बंद पडलेल्या समोवार कॅफेचे उमाळे आता पुरे. फोटो अंधारे आहेत. आणि शेवटी, 'खरं फोर्टचं जेवण तुम्हाला माहीतच नाही.'

फोटो अंधारे आहेत, हे मान्य. पावसाळ्यात संध्याकाळी काढले होते, फोनही जुना आहे. दोन बदलते.

आता त्या शनिवारच्या लोकलकडे वळू. 'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि त्याच वाक्यात तिला गाडीत बसवून घरी धाडायचं, ही कुठली रीत? मुद्दा पटला नाही तर 'पटला नाही' म्हणा. मी कुठल्या वारी, कशाने येते याच्याशी थाळीच्या चवीचा काय संबंध? मी विमानाने आले असते तर डाळ जास्त आंबट लागली असती का?

पण विषय तुम्ही काढलाच आहे, तर सांगते. माझे वडील फोर्टात कारकून होते. तुमच्या त्या 'मुळातल्या' कारकुनांपैकीच एक. डोंबिवलीहून पहाटेची गाडी, डबा घरचा, आणि डबा नसेल त्या दिवशी वडापाव. माझी पहिली नोकरी हुतात्मा चौकापासून हाकेच्या अंतरावरच्या एका ऑफिसात होती. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथे जेवणाच्या सुट्टीत साहेब घड्याळ बघत दारात उभे राहायचे आणि त्यांच्याबद्दल मला आजही चांगलं लिहिता येणार नाही. अर्ध्या तासात खाली उतरायचं, खायचं, पुन्हा जिना चढायचा. फोर्ट पायी पालथा घालायला मी तिथे शिकले, कॅमेरा गळ्यात अडकवून नव्हे. पगाराच्या आठवड्यात कॅफे मिलिटरीत खिमा पाव, महिनाअखेरीला दलाल स्ट्रीटच्या तोंडाशी उभ्यानं टोस्ट सँडविच. आता मी शनिवारी येते, कारण सोमवार ते शुक्रवार मी दुसरीकडे नोकरी करते. हा गुन्हा असेल तर निम्मी मुंबई आत टाकावी लागेल.

त्या सँडविचचंच घ्या, म्हणजे मी फोर्टात काय पाहिलंय हे कळेल. पावाच्या दोन चकत्यांना आधी लोणी, मग हिरवी चटणी, तीही काठापर्यंत, कारण कोपरा कोरडा राहिला तर गिऱ्हाईक बोलतं. त्यावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो, कांदा आणि बिटाची एक चकती. ती बिटाची चकती कधी खालच्या थरात जात नाही, नाहीतर पाव लाल होतो. मग लांब दांड्याच्या लोखंडी टोस्टरमध्ये मिटून शेगडीवर, एकदा ही बाजू, एकदा ती. बाहेर आलं की वरून पुन्हा लोणी, सुरीचे खटाखट घाव, वर शेव. हे सगळं चालू असताना त्या माणसाच्या डोक्यात पुढच्या चौघांच्या ऑर्डरी असतात आणि हिशेब तोंडीच. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. रांगेत उभी राहून पाहिलंय, एक डोळा घड्याळावर ठेवून.

लेखात त्याला एकच ओळ होती, हे खरंच. पण लेखाचं शीर्षक 'काळा घोडा' होतं, दलाल स्ट्रीट नव्हतं. गाडीवाल्यांचा प्रश्न मोठा आहे, त्यावर २०१४ चा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समितीवर ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत अशी तरतूद आहे, हे मलाही माहीत आहे. खाण्याच्या लेखात ते सगळं घुसडलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, बाई प्रवचन देते. पुढे.

'लेबल फेस्टिव्हलवाल्यांनी चिकटवलं' हे तर मला अजिबात पटत नाही. काळा घोडा असोसिएशन १९९८ ची, तिचा कला फेस्टिव्हल १९९९ पासूनचा. फेस्टिव्हलच्या त्या नऊ दिवसांत तिथे खाणं तर सोडाच, पाय ठेवायला जागा नसते, यावर आपलं एकमत असेल. पण जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ मध्ये. के. दुभाष मार्गावरचं चेतना त्याच्याही आधीचं, १९४६ चं, आणि तिथे थाळीच्या शेजारी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांचं दुकान होतं. जेवून उठायचं आणि हात धुऊन पुस्तकं चाळायची. १९६४ मध्ये उषा खन्नांनी जहांगीरच्या व्हरांड्यात समोवार सुरू केलं. फेस्टिव्हलचा मांडव पडायच्या कितीतरी आधीपासून इथे चित्रं आणि ताटं शेजारी शेजारी आहेत, फोर्टकर. लेबल नंतरचं असेल, वस्तू आधीची आहे.

आणि समोवारमध्ये कोण बसायचं? तुमचा समज असा दिसतो की चित्रकार, नाटकवाले आणि झोळीवाले. ते तर असायचेच. पण मी तिथे पहिल्यांदा गेले ते ऑफिसातल्या एका टायपिस्ट मैत्रिणीबरोबर, दोघींत एक पराठा आणि दोन पुदिना चहा. जागा रेल्वेच्या डब्यासारखी लांबट आणि चिंचोळी, बाजूला म्युझियमची झाडी. पलीकडच्या टेबलावर एक गृहस्थ कागदाच्या रुमालावर काहीतरी रेखाटत होते, अलीकडच्या टेबलावर दोन वकील अशिलाला समजावत होते. आम्हाला कोणी उठवलं नाही, 'अजून काही घेणार का' असं कोणी तीनदा विचारलं नाही. ३१ मार्च २०१५ ला ते बंद झालं तेव्हा वाईट वाटलेल्यांत कारकूनही होते. त्याला तुम्ही 'उमाळे' म्हणता. म्हणा. तुम्हाला उमाळा यावा असं फोर्टातलं कुठलंच ठिकाण नसेल तर हे टोपणनाव तरी कशाला घेतलंत?

'मुळातलं' या हट्टाबद्दल आणखी थोडं. ज्या घोड्यावरून या जागेला नाव पडलं, त्या घोड्यावर इंग्लंडचा युवराज बसलेला होता. तो पुतळा १९६५ पासून तिथे नाही, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. हल्ली लोक ज्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात तो घोडा २०१७ साली आला, आणि त्याच्यावर कोणी स्वार नाही. तरी आपण त्या जागेला काळा घोडाच म्हणतो, तुम्हीही तुमच्या प्रतिक्रियेत म्हटलंय. फोर्टची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, तरी आपण फोर्टच म्हणतो. मग रोप वॉक लेनमध्ये कोणी नवी कॉफी विकायला लागलं तर एकदम मूळ वंशावळ कशाला काढायची? फोर्टचा सातबारा तुमच्या नावावर आहे हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

हा भाग पायी फिरायला बरा पडतो तोही त्या तटामुळेच. सगळं जुनं शहर तटाच्या आत कोंबलेलं, म्हणून गल्ल्या आखूड आणि इमारती एकमेकींना चिकटून. जहांगीरच्या दारातून निघालात की चेतना दोन मिनिटांवर, साईबाबा मार्गावरचं तृष्णा त्याच्यापुढे थोडंसं. तिथून उत्तरेला गेलं की राजाबहादूर कंपाउंडमधली पूर्णिमा, नगीनदास मास्टर रोडवरचं कॅफे मिलिटरी. दुपारचं ऊन असेल तर दादाभाई नवरोजी रोडच्या कमानींखालून सावलीसावलीनं जाता येतं. एका चालीत थाळी, खेकडा, डोसा आणि खिमा. मुंबईत दुसरीकडे यातल्या दोन गोष्टींमध्ये रिक्षा करावी लागते, आणि इकडे तर रिक्षाच नाही. लेखात मी एवढंच सांगत होते. ब्रिटानिया रेस्टॉरंट मी मुद्दाम वगळलं, कारण ते बॅलार्ड इस्टेटला आहे आणि जेवायच्या आधी वीस मिनिटं चालायला माझ्याबरोबरचे तयार नव्हते. त्यावर मात्र तुम्ही काही बोलला नाहीत, याचं नवल वाटलं.

कॉफीची किंमत जास्त आहे. आहेच. मी घेतलेल्या कॉफीचं बिल मीही खिशात हात घालूनच दिलंय, तुमच्याकडून मागितलेलं नाही. भाडी कशी वाढतात आणि जुन्या जागा कशा बंद पडतात, हा वेगळा विषय आहे, कधीतरी लिहीन.

राहता राहिलं 'खरं फोर्टचं जेवण'. एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत तुम्ही ते मिळणाऱ्या एकाही जागेचं नाव दिलेलं नाही. एकाही. खानावळ असो, गोमंतकी भोजनालय असो, जिन्याखालचं पोळीभाजी केंद्र असो, नाव आणि गल्ली लिहा. आठवड्याच्या मधल्या वारी रजा टाकून येईन, म्हणजे लोकलच्या शनिवारचा आक्षेपही राहणार नाही. साडेबाराला आलं तर जागा मिळते का, तेवढं मात्र आधी कळवा. आणि मासे असतील तर सोमवारी बंद असतं का, तेही.