दिवेलागणीचं मीठ

परवा आमटीला उकळी फुटली आणि मिठाचा डबा रिकामा निघाला. आम्ही चौदाव्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बायकोने मला समोरच्या दाराशी पिटाळलं.

"काकू, जरा मीठ देता?"

मी मंगळसूत्र मागितल्यासारखं काकूंनी पाहिलं. "अहो, दिवे लागलेत! मीठ म्हणजे लक्ष्मी. या वेळी कुणी घराबाहेर देतं का?"

गेल्या महिन्यात यांनी रात्री साडेदहाला आमची शिडी नेली. शिडी लक्ष्मी नसावी. ती अजून आलेली नाही.

तोड काकूंनीच काढली. रुपया द्यायचा, म्हणजे ते उसनं नाही, विकत. सुटा नव्हता, म्हणून मोबाइलवरून पाठवला. तो आला का हे बघायला चष्मा हवा, आणि चष्मा फ्रिजवर आहे हे कळायला पाच मिनिटं. मग कुठे डबा आला. माझा हात पुढे होताच तो मागे गेला. "हातात नाही द्यायचं, भांडणं होतात. वाटीत देते. आधी डोळे मिटा."

"का?"

"मिठाचे आभार माना."

काकू नुकत्याच तीन दिवसांचं कृतज्ञता शिबिर करून आल्या होत्या. "शेवटचे कधी मानले होते?"

मला आठवेना. शाळेत गुरुजींचे मानले होते, लग्नात सासऱ्यांचे.

"घामात मीठ, आसवांत मीठ, रक्तात मीठ. माणूस म्हणजे चालता-बोलता समुद्र! म्हणा, हे लवणदेवा…"

म्हटलं. काय करणार? चौदाव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, अर्ध्या चड्डीत, डोळे मिटून. तेवढ्यात शेजारचा कॉलेजकुमार जिना चढून धापा टाकत आला. आमच्याकडे बघून त्याने चपला काढल्या आणि उजवा हात पुढे केला. त्याला वाटलं प्रसाद.

गांधीजींनी 6 एप्रिल 1930 ला दांडीला मीठ उचललं ते सकाळी, हे फार बरं झालं. आमच्या आजोळी, शिरोड्याच्या आगरातही त्याच साली लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. आजी ताटात डावीकडे आधी मीठ वाढायची आणि सांडलं तर पाय लागू द्यायची नाही. दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्याही तीच ओवाळायची. पण आभार मानायला तिने कधी कुणाला दारात उभं केलं नाही. नावडतीचं मीठ अळणी असतं म्हणतात. मला तर ते मिळतच नव्हतं.

आणि आता खरं सांगतो, माझं डोकं कशाने फिरलं ते. काकूंच्या गॅलरीतून मुलुंडची मिठागरं दिसतात. भर उन्हात माणसं तिथे अनवाणी फळी ओढतात. पायाला भेगा, भेगांत खारं पाणी. पहिला पाऊस पडला की हंगाम संपला. इथल्या मिठागरांच्या काही जमिनी आता घरांसाठी द्यायचं ठरलंय. विषय निघाला की काकू हळहळतात, "व्ह्यू जाणार हो आपला!" त्या भेगाळलेल्या पायांचे आभार शिबिराच्या वहीत कुठल्या पानावर आहेत, हे मी विचारणार होतो. पण डोळे मिटलेले होते आणि वाटी अजून त्यांच्याच हातात होती.

शेवटी मिळालं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. काकूंनी आमच्या अख्ख्या घराला मिळून तेवढं दिलं.

घरी आलो तर बायकोने लोणच्याचा खार घालून आमटी कधीच उतरवली होती. "इतका वेळ कुठे होतात?" म्हणाली. देवळात, म्हटलं.

काकूंची वाटी ओट्यावर आहे. रिकामी परत करायची नसते. साखर घालून द्या, बायको म्हणते. देईन की! दिवे लागू देत. आधी रुपया येऊ दे, शिडी येऊ दे, आणि मग काकूंनी आमच्या दारात डोळे मिटावेत.