‘डेव्हलपर वाचतच नाहीत’ म्हणे!

एकच मेसेज गेल्या महिन्यात मला तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा जुना मित्र. मेसेजचा सारांश असा: आवडत्या गेमच्या डेव्हलपरला, म्हणजे तो बनवणाऱ्यांना, पत्र लिहिणारे लोक भाबडे असतात. एक, ती पत्रं कोणी वाचत नाही. दोन, वाचायची गरजही नाही, तुम्ही कुठे अडलात ते त्यांना डेटातून आधीच कळतं. तीन, त्यांना पैशाची भाषा कळते, नाहीतर शिव्यांची. चार, चाहत्यांचं ऐकलं की गेमची वाट लागते. आणि पाच, कौतुकाचं पत्र म्हणजे निव्वळ चमचेगिरी. शेवटी अर्थातच ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही, म्हणून पुढे न पाठवता उत्तर लिहितोय.

‘कोणी वाचत नाही.’ या वाक्यातला ‘कोणी’ म्हणजे नक्की कोण? गेम बनवणाऱ्या पाच-सहा माणसांच्या स्टुडिओत तुमचा मेल बहुतेक वेळा ज्याने कोड लिहिला तोच उघडतो. मोठ्या कंपनीत तो सपोर्टच्या माणसाकडे किंवा चाहत्यांशी संपर्क ठेवणाऱ्या कम्युनिटी मॅनेजरकडे जातो. एकच तक्रार चाळीस जणांनी केली तर तिची एक नोंद होते, ती बगच्या, म्हणजे गेममधल्या चुकांच्या, यादीत चढते आणि यादीत वर सरकते. तुम्हाला आलेलं उत्तर साचेबंद असतं, हे खरं. पण साचेबंद उत्तर आलं म्हणजे पत्र वाचलं गेलं नाही, हे कुठून आलं?

एका प्रकारचं पत्र मात्र खरोखरच वाचलं जात नाही, आणि तेही ठरवून: ‘माझ्याकडे तुमच्या पुढच्या गेमची भन्नाट कल्पना आहे’ हे. उद्या स्टुडिओने स्वतःच्या डोक्याने तसंच काही बनवलं, तर पत्र लिहिणारा ‘माझी कल्पना चोरली’ म्हणून कोर्टात उभा राहू शकतो. म्हणून कित्येक कंपन्या न मागता आलेल्या कल्पना स्वीकारत नाहीत आणि आपल्या अटींमध्ये तसं लिहूनही ठेवतात. मी स्वतः शाळेत असताना अकरा पानी पत्र लिहिलं होतं, नव्या शत्रूंच्या चित्रांसकट. उत्तर आलं नाही. बरीच वर्षं मी ते तुसडेपणाच्या खात्यात मांडून ठेवलं होतं.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांनी वर्षानुवर्षं घडवलेला गेम. २०१५ च्या शेवटी त्यात दारूचे गुत्ते आले आणि लगेच एका खेळाडूने कळवलं, की गुत्त्यात मांजरी मरून पडतायत आणि आजूबाजूला ओकाऱ्या आहेत. टार्न यांनी शोध घेतला तेव्हा कळलं ते असं. गेममधले बुटके लोक दारू सांडतात, मांजरी त्यातून चालत जातात, मग अंग चाटून साफ करतात आणि पायाला लागलेली दारू पोटात जाते. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बरोबर होती. चूक एवढीच, की चाटून पोटात गेलेला थेंब गेमच्या हिशोबात अख्खा पेला म्हणून धरला जात होता. छोट्या जिवाला तेवढी दारू झेपेना. ही चूक कोड वाचून कोणाला सापडली असती असं मला वाटत नाही. त्यासाठी मेलेल्या मांजरीकडे पाहून ‘हे काय?’ असं विचारणारा आणि विचारून गप्प न बसणारा खेळाडूच हवा.

मोठ्या कंपन्यांचं काय, असा प्रश्न येणार. ‘जीटीए ऑनलाइन’ २०१३ मध्ये आला, कॉम्प्युटरवर २०१५ मध्ये, आणि तिथे तो सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं लागायची. कित्येक वर्षं लोक नुसते वैतागत होते. २०२१ च्या फेब्रुवारीत एका खेळाडूने स्वतःच गेमच्या कोडची चिरफाड केली. त्याला दिसलं, की सुरू होताना गेम १० एमबीची एक यादी वाचतो. तिच्यात विकत घेता येणाऱ्या सुमारे ६३ हजार वस्तू. एकेक नोंद वाचताना गेम उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजत होता, आणि प्रत्येक वस्तू आधीच्या सगळ्या वस्तूंशी ताडून पाहत होता. त्याने स्वतःपुरती दुरुस्ती केली आणि त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचा वेळ दोन मिनिटांच्या आत आला. हे सगळं त्याने टप्प्याटप्प्याने लिहून जाहीर केलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने ते तपासलं, मान्य केलं, मार्चमध्ये अपडेट दिलं आणि त्याला १० हजार डॉलरचं बक्षीसही दिलं. सगळ्यांनी असं कोड उकलत बसावं असं कोणी म्हणत नाही. पण ‘लोडिंग फालतू आहे’ हे वाक्य हजारो लोकांनी कित्येक वर्षं लिहिलं आणि ‘लोडिंग इथे अडतं’ हे एकाने एकदा लिहिलं. फरक तिथे पडला.

यातूनच दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, डेटाच्या. हा मुद्दा सगळ्यांत हुशार दिसतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबू. खेळाडूंनी गेम कुठे सोडला, कुठे जास्त वेळा मेले, कोणतं हत्यार किती जणांनी वापरलं, हे आज स्टुडिओला दिसतं. शंकाच नाही. पण डेटा ‘कुठे’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. आणि कधीकधी तर ‘कुठे’सुद्धा चुकीचं सांगतो.

‘अनचार्टेड २’ या २००९ च्या गेममध्ये शेवटाकडे एक दार उघडायचं असतं, त्यासाठी एकच बटण भराभर दाबत राहावं लागतं. सेरेब्रल पाल्सी (शरीराच्या हालचालींवर परिणाम करणारा विकार) असलेल्या एका खेळाडूने जवळजवळ अख्खा गेम स्वतः खेळला आणि त्या दाराशी अडकला. शेवटी धडधाकट माणसाला बोलावून बटण दाबून घ्यावं लागलं. आता सांगा, डेटात काय दिसेल? दार उघडलं. खेळाडू पुढे गेला. सगळं आलबेल! त्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं हे कोणत्याही आलेखात येत नाही. ते त्याने गेम बनवणाऱ्या नॉटी डॉगच्या लोकांना स्वतः सांगितलं, तेव्हा कळलं. २०१६ च्या ‘अनचार्टेड ४’मध्ये बटण भराभर दाबण्याऐवजी नुसतं धरून ठेवायचा पर्याय आला. त्याच स्टुडिओच्या २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये अशा सोयींचे ६० हून जास्त पर्याय होते. याचं श्रेय एका माणसाला देणं बरोबर होणार नाही, अनेक अपंग खेळाडू त्यासाठी बोलत, लिहीत, सल्ला देत आले आहेत. पण सुरुवात डेटाने झाली नव्हती.

तिसरा मुद्दा, पैसा आणि शिव्या. पैशाची भाषा कळते हे मी नाकारत नाही, धंदाच आहे तो. पण पत्र आणि पैसा एकमेकांचे वैरी असल्यासारखं का बोलायचं? २०११ मध्ये ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची मोहीम झाली. निन्टेन्डोच्या वी या कन्सोलसाठी (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रासाठी) जपानमध्ये निघालेले ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’, ‘द लास्ट स्टोरी’ आणि ‘पँडोराज टॉवर’ हे तीन गेम उत्तर अमेरिकेत आणा, एवढीच मागणी. निन्टेन्डोने आधी ‘तसा विचार नाही’ असं सांगितलं होतं. चाहत्यांनी खरीखुरी कागदी पत्रं पाठवली आणि त्याच वेळी ॲमेझॉनवर ‘झेनोब्लेड’ची आगाऊ मागणी नोंदवून त्याला यादीत अव्वल नेलं. २०१२ च्या एप्रिलमध्ये ‘झेनोब्लेड’ आला, त्याच वर्षी ‘द लास्ट स्टोरी’, आणि २०१३ मध्ये तिसराही. ‘द लास्ट स्टोरी’ काढणाऱ्या एक्ससीड या छोट्या कंपनीचा तोवरचा तो सर्वांत यशस्वी गेम ठरला. नुसत्या पत्रांनी हे झालं असं मी म्हणणार नाही. पण गिऱ्हाईक आहे हे दुकानदाराला सांगायचं कोणी?

प्रत्येक वेळी असं होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. ‘मदर ३’ हा गेम २००६ मध्ये जपानमध्ये आला. तो इंग्रजीत यावा म्हणून चाहत्यांनी वर्षानुवर्षं सह्या जमवल्या, विनवण्या केल्या. आजही त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती नाही. शेवटी चाहत्यांनीच २००८ मध्ये भाषांतर करून टाकलं.

आणि शिव्या? २०१३ च्या जुलैमध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स २’मधल्या एका बंदुकीच्या दोन गोळ्यांमधलं अंतर ०.२ सेकंदावरून ०.४ सेकंद केलं गेलं. तेवढ्यावरून डिझायनर डेव्हिड व्हॉन्डरहार यांना जिवे मारण्याच्या, घरच्यांना इजा करण्याच्या धमक्या आल्या. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यासाठी! शिव्यांमुळे काही होतच नाही असं नाही, होतं. ज्यांना बोलायला आवडायचं ते डेव्हलपर जाहीरपणे बोलणं सोडतात, आणि मग कंपनीच्या वतीने वकिलाने तपासलेली निवेदनं येऊ लागतात. त्या निवेदनांना नावं ठेवणारेही आपणच.

चौथा मुद्दा, ‘चाहत्यांचं ऐकलं की वाट लागते’, यात अर्धं सत्य आहे. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी २०१६ च्या एका भाषणात सांगितलं होतं, की प्रेक्षक अडचण ओळखण्यात पटाईत असतात, ती सोडवण्यात नाही. मला हे शंभर टक्के मान्य आहे. दुखतंय कुठे ते रोग्यानेच सांगायचं असतं, औषध मात्र त्याने लिहून द्यायचं नसतं.

‘मास इफेक्ट ३’चं उदाहरण या मेसेजवाल्यांचं लाडकं. २०१२ मधला तो शेवट लोकांना रुचला नाही. खेळताना इतके निर्णय घेऊन शेवटी फक्त रंग बदलतो, ही तक्रार. चाहत्यांनी गेम बनवणाऱ्या बायोवेअरला सुमारे ४०० कपकेक पाठवले, लाल, निळे आणि हिरवे, आतून सगळ्यांची चव तीच. (निषेधाचं इतकं नेमकं पत्र मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्यात एकही शब्द नाही.) आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या चाइल्ड्स प्ले या संस्थेला ८० हजार डॉलरच्या वर देणगीही याच नाराजीतून गोळा झाली. जूनमध्ये स्टुडिओने वाढीव शेवट फुकट दिला. आता नीट पाहा: मूळ शेवट बदलला नाही, जे अर्धवट वाटत होतं ते उलगडून दाखवलं. दुखणं ऐकलं, औषध आपलं दिलं. तो शेवट आवडला का, हा वाद वेगळा. मला विचाराल तर थोडासाच.

उलट न ऐकण्याची किंमतही बघा. २०१३ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चं जुनं रूप परत आणणार का, असं एका चाहत्याने ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डच्या मेळाव्यात, विचारलं. कंपनीच्या जे. ॲलन ब्रॅक यांचं उत्तर गाजलं, ‘तुम्हाला हवंय असं वाटतं, पण नकोय.’ २०१६ मध्ये चाहत्यांनी चालवलेला नॉस्टॅल्रियस हा जुन्या रूपाचा सर्व्हर बंद करावा लागला. अडीच लाखांहून जास्त सह्यांचं निवेदन छापून कंपनीच्या प्रमुखांच्या हातात दिलं गेलं, सर्व्हर चालवणाऱ्यांना कंपनीने बोलावून त्यांच्याशी चर्चा केली. २०१७ मध्ये ‘क्लासिक’ची, म्हणजे जुन्या रूपाच्या अधिकृत आवृत्तीची, घोषणा झाली, ती करायला मंचावर आले ते ब्रॅकच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेम सुरू झाला तेव्हा आत जायला रांगा लागल्या होत्या.

पाचवा मुद्दा, चमचेगिरी. चमचा काहीतरी पदरात पाडून घ्यायला स्तुती करतो. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आला तेव्हा सांगितलेल्या अनेक गोष्टी त्यात नव्हत्या आणि तो बनवणाऱ्या हेलो गेम्सला जे ऐकावं लागलं ते ऐकावं लागलं. मग त्यांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत गेम सावरला. २०१९ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून इंग्लंडमधल्या गिल्डफर्डला, त्यांच्या ऑफिसजवळ, आभाराचा फलक लावला. यातून फलक लावणाऱ्यांना काय मिळालं?

आणि २०११ मध्ये एका माणसाने ‘बॉर्डरलँड्स’ हा गेम बनवणाऱ्या गिअरबॉक्सला लिहिलं. त्याचा २२ वर्षांचा मित्र कॅन्सरने गेला होता, दोघं तो गेम खेळायचे. त्यातल्या क्लॅपट्रॅप या रोबोच्या आवाजात मित्रासाठी श्रद्धांजली मिळेल का, एवढंच विचारलं होतं. स्टुडिओने ती ध्वनिमुद्रित करून पाठवली. पुढच्या वर्षी आलेल्या ‘बॉर्डरलँड्स २’मध्ये त्या मुलाच्या नावाचं एक पात्र ठेवलं. ते अधूनमधून शहरात भेटतं, आणि त्याच्याशी बोलायला गेलं की हातात एखादी चांगली वस्तू देतं. या पत्राला चमचेगिरी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता तो मित्र. मेसेज पाठवणारा. त्याचा एक गेम एकाच जागी, पुलावर पाऊल टाकलं की, आठ महिने क्रॅश होतोय. मी विचारलं, ‘अरे, स्टुडिओला कळवलंस?’ म्हणाला, ‘वाचतच नाहीत ना ते.’ परवा आम्ही बसून मेल लिहिला: ग्राफिक्स कार्ड कोणतं, गेमची आवृत्ती कोणती, पुलावर जायच्या आधी काय केलं, सोबत सेव्ह फाइल आणि क्रॅशची नोंद. त्याच्या पहिल्या मसुद्यात ‘लाज वाटत नाही का’ असं एक वाक्य होतं. बरीच घासाघीस करून ते काढायला लावलं.