‘मावशी’ म्हटलं की झालं का?

काल पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या समुद्रकाठच्या अटलांटिक सिटीला गेलो होतो. येताना गाडीत मी मोठ्या उत्साहाने सांगत होते की हे कसिनो वगैरे परवाचे, या गावातला पहिला धंदा एका बाईने टाकलाय. तर मागच्या सीटवरून आवाज, "धंदा कसला गं, विधवा बाई, चार लोकांना जेवायला घालत असेल." सगळे खोखो हसले. मी गप्प, कारण गाडी मी चालवत होते. आता नाही चालवत.

मिलिसेंट लीड्स. नवरा जेरेमाया १८३८ मध्ये गेला, तेव्हा हे गाव वसलंय ते बेट म्हणजे वाळूच्या टेकड्या, डास आणि लीड्सांचीच गोतावळ्यातली घरं. बाईने रीतसर लायसन काढून टॅव्हर्न, म्हणजे दारू-जेवण-मुक्कामाची खाणावळ, चालू केलं. लायसन हं, लोणच्याची बरणी नव्हे! नाव काय पडलं तर ‘आंट मिलीज बोर्डिंग हाऊस’. आज जिथे मॅसॅच्युसेट्स आणि बाल्टिक अव्हेन्यू मिळतात तिथे. मोनोपॉली खेळलेल्यांना बाल्टिक माहीत असेल, साठ डॉलरची, कुणाला नको असते ती. (तो खेळसुद्धा मुळात लिझी मॅगी नावाच्या बाईच्या खेळावरून आलाय, पण आज तो विषय नको, डोकं आधीच तापलंय.)

आगगाडी आली १८५४ ला. म्हणजे त्याच्या कितीतरी आधीपासून मिली तिथे बिछाने घालत होती. पण गाडीसाठी खटपट करणारे डॉक्टर पिटनी झाले ‘अटलांटिक सिटीचे जनक’, जेरेमायाचा मुलगा चॉकली झाला पहिला महापौर, आणि ही कोण? आंट. मावशी.

माझ्या मावशीचंही हेच. दापोलीकडे समुद्राजवळ घर, काका गेले आणि वर्षभरात तिने पडवीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. बुकिंग कालनिर्णयच्या चौकोनात, हिरव्या पेनाने, "ठाणे ४, मुलं २, मासे नकोत". पायरीशी बादली, तांब्या आणि गोणपाट, पाय धुतल्याशिवाय आत पाऊल नाही, कलेक्टर असला तरी. (अटलांटिक सिटीचा बोर्डवॉक, म्हणजे किनाऱ्यावरचा लाकडी फळ्यांचा रस्ता, का बांधला माहितीये? १८७० मध्ये, लोक बुटातून वाळू हॉटेलांत आणि गाडीच्या डब्यांत आणायचे म्हणून. मावशीने तेच काम एका गोणपाटात केलं.) पण पाटीवर नाव काकांचं. कर्जाला गेली तर साहेब म्हणाले, मुलाला घेऊन या. मुलगा तेव्हा अकरावीत, हिशोबात नापास.

हो, मान्य आहे, जमीन जेरेमायाचीच होती. घर काकांचंच होतं. मग? जमीन काय चादरी वाळत घालते का पहाटे पाचला?

मला राग त्या हसण्याचाही नाही खरं तर. मीच कॉलेजात असताना मैत्रिणींना फुकट उतरवलंय तिच्याकडे, चार दिवस, सहाजणी, सोलकढीवर सोलकढी. निघताना पैशांचं विचारलंसुद्धा नाही. मावशीला काय पैसे द्यायचे? तिने कालनिर्णयवर त्या चार चौकोनांत काय लिहिलं होतं ते मी खूप वर्षांनी पाहिलं, जुनी कॅलेंडरं माळ्यावर सापडली तेव्हा. "आपली माणसं." आणि त्याच आठवड्यात कुणा बोरिवलीवाल्यांच्या नावावर काट मारलेली, जागा नव्हती म्हणून. ऐन मे महिना. आता हे टाइप करताना पण गिळवत नाहीये.

रात्री फोन करून तिला मिलीची अख्खी स्टोरी सांगितली. जनक, महापौर, लायसन, सगळं. शांतपणे ऐकलं तिने. मग म्हणाली, "ते असू दे गं. उधारी ठेवायची का ती?"