‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’मध्ये आगगाडी कुठून आली?

‘रोज एक इंग्रजी वाक्प्रचार’ असा एक संदेश फिरतोय. घरातल्या मुलीनं तो वहीत उतरवूनही घेतला, म्हणून हे लिहिणं आलं. संदेश म्हणतो: ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’ म्हणजे अडथळे दूर करणे; उगम: मधले थांबे न घेणारी आगगाडी; वापर: ‘आय पुल आउट ऑल द स्टॉप्स एव्हरी डे’.

आधी ती आगगाडी. गाडी थांबा गाळते, ओढून बाहेर काढत नाही! ओढतात तो पाइप ऑर्गनचा, म्हणजे चर्चमधल्या नळ्यांच्या मोठ्या वाद्याचा स्टॉप, म्हणजे वादकाच्या हाताशी असलेली खुंटी. नळ्यांच्या ओळीखाली भोकं पाडलेली एक लांब फळी असते. खुंटी ओढली की फळी सरकते, भोकं नळ्यांच्या बुडाशी जुळतात, आणि मग पट्टी दाबली की हवा नळीत शिरते. नुसती खुंटी ओढून सूर निघत नाही, नुसती पट्टी दाबूनही नाही. ओळीचं नाव तिच्या सर्वांत लांब नळीच्या मापावरून: ८ फुटी ओळ लिहिलेलाच सूर देते, १६ फुटी खालच्या सप्तकातला, ४ फुटी वरच्या. जितक्या खुंट्या बाहेर, तितक्या ओळी एका पट्टीवर बोलतात. पेटी वाजवणाऱ्यांना हे नवं नाही. स्टॉपर ओढला की तिथंही हवेची वाटच मोकळी होते.

पुरावा हवा? इंग्रज कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नल्डच्या ‘एसेज इन क्रिटिसिझम’ची १८६५ची प्रस्तावना काढा. तो ‘सगळे’ नव्हे, ‘आणखी काही’ स्टॉप ओढण्याबद्दल बोलतो, पण त्याच वाक्यात आधुनिक इंग्रज माणसाला ऑर्गन म्हणतो. वाद मिटला.

‘अडथळे’ मात्र अगदीच हवेतले नाहीत, हे मान्य करावं लागतं. जुन्या ऑर्गनमध्ये सगळ्या ओळी एकदम वाजत. नको त्या थांबवायची सोय झाली, तिचंच नाव स्टॉप. पण वाक्प्रचारात आपली राखलेली ताकद बाहेर काढायची असते, दुसऱ्यानं घातलेला अडसर नव्हे.

आणि ‘एव्हरी डे’? रोज केलं तर त्यात विशेष ते काय उरलं? ‘दे पुल्ड आउट ऑल द स्टॉप्स टु फिनिश ऑन टाइम’, असं एखाद्या प्रसंगापुरतं म्हणतात. (प्रत्यक्षात वादक पूर्ण भरातही सगळ्या खुंट्या ओढत नाहीत. सेलेस्ट नावाची नळ्यांची ओळ मुद्दाम किंचित उतरती किंवा चढी लावलेली असते, ट्रेम्युलंट नावाची खुंटी हवाच थरथरवते. ते सहसा बंद ठेवतात.) ‘स्टॉप्स’ अनेकवचनीच, ‘द’ गाळायचा नाही, आणि ‘आउट’पुढे ‘ऑफ’ घुसला की अर्थ होतो माघार घेणं. मराठीत जवळचं म्हणजे जिवाचं रान करणं. ‘कंबर कसणं’ नव्हे. ती नुसती तयारी झाली.