‘तीन लाखांत नवी ३०० कशाला, जुनी ६०० घ्या’: या सल्ल्यात काय चुकतं

मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: नव्या तीनशे-चारशे सीसीच्या पैशांत जुनी सहाशे-साडेसहाशे सीसीची स्पोर्ट बाइक मिळते; घ्यायची तर चार सिलिंडरचीच घ्यावी; मीटरवर किलोमीटर कमी असतील तर डोळे झाकून घ्यावी; सुटे भाग ऑनलाइन मिळतातच; आणि गाडी परराज्यातली असेल तर आणखी स्वस्त पडते.

यातली एक गोष्ट खरी आहे. या किमतीत जुन्या साडेसहाशे खरोखर मिळतात: २०११ ते २०१६ मधली कावासाकी निन्जा ६५०, २०१५ नंतरची होंडा सीबीआर६५०एफ, ह्योसंग जीटी६५०आर, आणि फेअरिंग (अंगावरचं प्लॅस्टिकचं आवरण) नसलं तरी त्याच रांगेतली बेनेली टीएनटी ६००आय. मात्र यांतली कोणती घ्यावी, हे ठरवण्याचे जे निकष त्या मजकुरात आहेत, त्यांनी माणूस नेमकी चुकीची गाडी घरी आणतो.

‘किलोमीटर कमी, म्हणजे गाडी नवी’

सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीपायी बुडतात. २०१४ ची गाडी सहा हजार किलोमीटर चाललेली असेल, तर ती वर्षाला हजारसुद्धा चाललेली नाही. बाकीचे दिवस ती उभी होती, आणि उभ्या गाडीचं वय थांबत नाही. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. ते राहून गेलं की कॅलिपरचे (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन गंजून अडकतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलही ओलावा धरतं. अर्धवट भरलेली टाकी दोन पावसाळे तशीच राहिली की तळाला गंज चढतो, तो फ्युएल पंपाच्या गाळणीत बसतो आणि इंजिन वरच्या आरपीएमला दम तोडतं. फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) ऑइल सील कोरडे पडून चिरतात आणि पहिल्याच खड्ड्यात गळू लागतात.

टायरचं वय तर बाजूलाच छापलेलं असतं. डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा कितीही खोल असोत, सहा वर्षांवरचा टायर स्पोर्ट बाइकवर ठेवू नये. रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते पकड सोडतं.

शिवाय मीटरवरचा आकडा खरा असेलच असं नाही. मीटर बदलता येतो, आकडा मागेही नेता येतो. म्हणून आकड्याची साक्ष गाडीच्या अंगावरून काढा. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्निअरने मोजा. नऊ हजार चाललेल्या गाडीची डिस्क त्या मर्यादेजवळ पोचलेली असेल तर काहीतरी लपवलेलं आहे. चेन-स्प्रॉकेट नीट राखला तर वीस हजारांच्या पुढे जातो. नऊ हजारांवर दुसरा सेट बसलेला दिसला तर कारण विचारा. फूटपेगचं रबर, हँडलग्रिप, किल्लीभोवतीचे ओरखडे यांवरूनही वापर कळतो.

पस्तीस हजार चाललेली, सर्व्हिसची बिलं असलेली आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) तपासल्याची नोंद असलेली गाडी ही सहा हजार चाललेल्या, कागद नसलेल्या गाडीपेक्षा उजवी. दोन्ही एकाच भावात असल्या तरी पहिलीच घ्यावी.

‘चार सिलिंडर नाहीत, तर स्पोर्ट बाइक कसली’

आकडे शेजारी शेजारी मांडून बघू. सीबीआर६५०एफची ताकद सुमारे ८७ पीएस, पण ती ११,००० आरपीएमला. जुन्या निन्जा ६५० ची सुमारे ७२ पीएस, ८,५०० ला. टॉर्क मात्र दोघींचा जवळपास सारखा: होंडाचा ६३ न्यूटन-मीटरच्या आसपास ८,००० ला, कावासाकीचा ६४ च्या आसपास ७,००० ला. खंबाटकी किंवा ताम्हिणी घाटात गाडी बहुतेक वेळ चार ते सात हजारांत फिरते. तिथे ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची निन्जा, कुठेही कमी पडत नाही. चार सिलिंडरचा जादा जोर अनुभवायचा तर गिअर खाली टाकून टॅकोमीटर सतत वर ठेवावा लागतो.

आता खर्च. चारात सोळा व्हॉल्व्ह, ट्विनमध्ये आठ. चारात चार प्लग, चार थ्रॉटल बॉडींचं सिंक्रोनायझेशन. व्हॉल्व्ह क्लिअरन्स मोजायला दोन्हींची टाकी आणि एअरबॉक्स काढावा लागतो, शिम (फट जुळवणारी चकती) बदलायचा तर कॅमशाफ्टही. पण चारात मोजायचं आणि बदलायचं दुप्पट. निन्जाचं क्लिअरन्स इनटेकला ०.१५ ते ०.२१ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२२ ते ०.३१ मिमी असावं लागतं, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असताना. (नागपूरकडे मे महिन्यात हे काम पहाटेच उरकावं, दुपारी इंजिन थंड म्हणण्याइतकं थंड होतच नाही.) मागचा टायर होंडाला १८०/५५-१७, निन्जाला १६०/६०-१७, चेन होंडाला ५२५, निन्जाला ५२०. दर वेळी पहिल्याला जास्त पैसे पडतात. बेनेली टीएनटी ६००आय तर २३० किलोच्या पुढची आहे. शहरातल्या गर्दीत ते वजन आणि चार सिलिंडरची धग दोन्ही जाणवतात.

सीबीआरची एक जमेची बाजू मात्र निर्विवाद आहे: तिला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, २०१६ पर्यंतच्या आपल्याकडच्या निन्जा ६५० ला नाही. पावसाळ्यात रोज चालवणार असाल तर हे सीबीआर घ्यायचं भक्कम कारण आहे. नाहीतर थोडं थांबून २०१७ नंतरची, एबीएस असलेली आणि वजनाने बरीच हलकी निन्जा शोधा.

‘सुटे भाग काय, मिळतातच’

काही मिळतात. प्लग, ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, चेन यांना पर्याय असतात. बेअरिंग आणि ऑइल सील तर मापावरून कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात. अडतं ते दुसऱ्याच गोष्टींवर: फेअरिंगचे पॅनल, हेडलाइट, रेडिएटर, मीटर, एबीएस युनिट, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक). हे भाग त्याच मॉडेलचे लागतात. परदेशातून मागवले तर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर मिळून भागाच्या किमतीलाच भिडतात.

म्हणूनच कंपनीचा इथला इतिहास बघायला हवा. ह्योसंगच्या मोठ्या गाड्या २०११ मध्ये गरवारेंनी वाईच्या कारखान्यातून आणल्या, पुढच्याच वर्षी त्या डीएसके समूहाकडे गेल्या आणि नंतर तोही कारभार संपला. जीटी६५०आरचं नव्वद अंशांचं व्ही-ट्विन इंजिन मजबूत आहे, पण गाडी एकदा आडवी पडली की पॅनलसाठी दारोदार फिरावं लागतं. बेनेलीही डीएसकेकडेच होती. २०१८ मध्ये ती हैदराबादच्या महावीर समूहाकडे गेली, त्यामुळे तिची अवस्था ह्योसंगपेक्षा बरी. निन्जा ६५० सुरुवातीला बजाजच्या प्रोबायकिंग दुकानांतून विकली गेली आणि इथेच जुळवली गेली. २०१७ मध्ये बजाज-कावासाकी वेगळे झाले, पण कावासाकीचं स्वतःचं जाळं उभं राहिलं. जुन्या गाडीला याचाच आधार मिळतो.

पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करा, चॅसिस नंबर द्या आणि पाच भागांची किंमत व मिळण्याची मुदत विचारा: पुढच्या ब्रेकचा लिव्हर, क्लच प्लेटचा सेट, रेडिएटर, डावा फेअरिंग पॅनल, रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग). पाचांपैकी दोन भागांना ‘सांगता येत नाही’ असं उत्तर आलं, तर ती गाडी सोडा.

‘नव्या ३०० च्याच पैशांत’

खरेदीची किंमत तेवढीच असली तरी पहिल्या महिन्याचा खर्च तेवढा नसतो. जुन्या साडेसहाशेसाठी ठरवलेल्या पैशांतला पाचातला एक भाग बाजूला काढा आणि उरलेल्यात गाडी शोधा. दोन टायर, चेन-स्प्रॉकेट, सगळी द्रवं, ब्रेक पॅड, फोर्क सील, बॅटरी आणि व्हॉल्व्ह तपासणी यांत तो सहज जातो. एवढी शिल्लक निघत नसेल तर चांगली राखलेली निन्जा ३०० किंवा केटीएम आरसी ३९० जास्त समाधान देईल. विम्याची भीती मात्र उगाच घातली जाते. थर्ड पार्टीचा २०२२ मध्ये ठरलेला वर्षाचा दर ३५० सीसीच्या वर २,८०४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये होता. या फरकाने निर्णय बदलायचं कारण नाही.

गाडी बघायला जाताना इंजिन थंड ठेवायला सांगा आणि पोचल्यावर आधी क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या धातूच्या खोक्यावर) हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू करताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर हेड गॅस्केटची शंका. मल्टिमीटर न्या: बंद गाडीत बॅटरी १२.५ व्होल्टच्या वर हवी, ४,००० आरपीएमला साधारण १४ ते १४.७. पंधराच्या वर गेलं किंवा साडेतेराच्या खाली राहिलं तर रेग्युलेटर किंवा स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल) गेलेला आहे. चालवताना चौथ्या गिअरमध्ये ४,००० वरून पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम चढून वेग चढला नाही तर क्लच घसरतोय. दुसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन बघा, गिअर सुटला तर इंजिन उघडावं लागेल. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागली तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे टेकतं ते स्टॉपर दबलेले किंवा वेल्ड केलेले असतील तर गाडी जोरात आपटलेली आहे, बाकी रंग कितीही चकचकीत असो.

‘परराज्यातली स्वस्त पडते’

ती महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इथला रोड टॅक्स. मूळ राज्याकडून टॅक्सचा परतावा वेगळा मागावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. त्या राज्याच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० विक्रेत्याच्या सहीने घ्या. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. यामाहा आर६ किंवा सुझुकी जीएसएक्स-आर६०० दाखवली जात असेल तर अधिक सावध राहा: या गाड्या कंपन्यांनी इथे अधिकृतपणे विकलेल्या नाहीत, त्यामुळे कस्टम्सचे कागद मूळ स्वरूपात बघायला हवेत. स्टिअरिंग हेडवरचा चॅसिस नंबर आणि क्रँककेसवरचा इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. फोटोवर विसंबू नका. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ घातलेली पावती दोघांच्या सहीने करा, आणि जुनी ई-चलनं त्याच बैठकीत विक्रेत्याकडून भरून घ्या.