घेतलेली मेमरी परत करायची नसते

सेवा सुरू करायला गेलात आणि ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा एरर आला, तर विचार करत बसू नका. डिस्क बघा. ती ४० टक्केच भरलेली दिसेल, दिसू दे. लॉग पुसा. आधी गेल्या वर्षाचे, मग गेल्या महिन्याचे, मग आज सकाळचेही. तरीही सेवा उठेना, तर मशीन रीबूट करा. लगेच उठेल. ‘डिस्क भरली होती, साफ केली’ असा मेल सगळ्यांना सीसी करा आणि चहाला जा. शेअर्ड मेमरीच्या (अनेक प्रोसेसनी, म्हणजे चालू प्रोग्रामांनी, मिळून वापरायच्या मेमरीच्या) सेगमेंटची, म्हणजे तुकड्यांची, ठरलेली संख्या संपली होती, हे कोणाच्या बापाला कळणार नाही. शमगेट (लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, असा तुकडा मागणारं फंक्शन) कुठं आपटलं ते ज्या लॉगमध्ये लिहिलं होतं, तो तुम्हीच पुसलात ना.

हा विधी याच पंधरवड्यात साग्रसंगीत पाहायला मिळाला. दर चार महिन्यांनी होतो म्हणे. इतकी जुनी परंपरा मोजक्या लोकांपुरती राहू नये, म्हणून दोन-चार प्रोसेसमध्ये मिळून एकच मेमरी कशी मागावी, कशी वापरावी आणि मुख्य म्हणजे कशी सोडू नये, ते लिनक्सपुरतं सांगतो.

एकच पद्धत धरून बसू नका. १९८३ च्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्समधली शमगेट-शमॅट (मागा आणि जोडा) ही जुनी जोडी, आणि १९९३ च्या पॉझिक्स या स्टँडर्डमधून आलेली शम-ओपन आणि एम-मॅप (उघडा आणि जोडा) ही नवी. एकाच प्रॉडक्टमध्ये दोन्ही घाला. जुन्या पद्धतीचे सेगमेंट ‘आयपीसीएस -एम’ या यादी छापणाऱ्या कमांडला दिसतात, नव्या पद्धतीचे ‘/डेव्ह/शम’मध्ये फाइलीसारखे पडून असतात, आणि शोधणारा दोन्हीकडे कधीच बघत नाही.

की, म्हणजे जुन्या पद्धतीत सेगमेंट ओळखायचा आकडा, बनवायला एफटॉक वापरा. त्याला एक फाइल आणि एक अंक द्यायचा, की ते ३२ बिटांची की काढून देतं: अंकाचे ८ बिट, डिव्हाइस क्रमांकाचे ८ आणि त्या फाइलीच्या आयनोडचे (डिस्कवरच्या तिच्या क्रमांकाचे) खालचे १६. फाइलीच्या नावाचा त्यात एकही बिट नाही. म्हणून दर डिप्लॉयला, म्हणजे नवी आवृत्ती चढवताना, पुसून नव्यानं लिहिली जाणारी कॉन्फिग फाइलच निवडा. आयनोड बदलला की की बदलते. आधीपासून चालू असलेले वर्कर (सेवेचं काम करणाऱ्या प्रोसेस) जुन्या सेगमेंटवर, नवे वर्कर नव्या सेगमेंटवर, आणि दोन्ही पार्ट्या ‘माझ्याकडे तर डेटा बरोबर दिसतोय’ म्हणायला मोकळ्या. याहून सोपं हवं असेल तर जागेवर नसलेलीच फाइल द्या. एफटॉक उणे एक परत करतं. ते न तपासता तसंच शमगेटला द्या. आयपीसीएसमध्ये कीच्या रकान्यात सलग आठ एफ दिसले की समजायचं, इथं कोणीतरी आपल्याच विचारांचा राहतो. मशीनवरचे असे सगळे प्रोग्राम एकाच सेगमेंटवर येऊन भेटतात. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच.

शमगेटला क्रिएट (नसेल तर बनव) फ्लॅग द्या, एक्सक्लुझिव्ह (आधीच असेल तर नाही म्हण) देऊ नका. त्या कीचा सेगमेंट आधीपासून असेल तर तोच गुपचूप हातात येतो, जुन्या डेटासकट, आणि तुम्ही तो कोरा समजून चालू पडता. नव्या व्हर्जनमध्ये स्ट्रक्चरला दोन फील्ड वाढवलीत, तर मागितलेली साइज जुन्या सेगमेंटपेक्षा मोठी होते आणि शमगेट ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणतं. तीनपैकी कोणतं आर्ग्युमेंट, ते सांगत नाही. गिऱ्हाइकाला सांगायचं, तुमचं लिनक्स जुनं आहे.

परवानगी ६६६. सोसायटीतल्या कोणालाही येऊन लिहिता आलं पाहिजे.

फसलं की एम-मॅप आणि शमॅट नल (रिकामा पत्ता) देत नाहीत, उणे एक देतात. तेव्हा तपासणी नलचीच करावी.

नव्या पद्धतीत शम-ओपननं उघडलेला नवा ऑब्जेक्ट शून्य बाइटांचा असतो. त्याला एफट्रंकेटनं लांबी द्यायची असते. ती द्यायला विसरलात तर पहिल्याच स्पर्शाला ‘बस एरर’, म्हणजे मागे जागाच नसलेल्या मेमरीला हात लावल्याची शिक्षा. हा झाला बाळबोध प्रकार. खरी मजा लांबी दिल्यावर आहे. एफट्रंकेटला १ जीबी म्हणा, तो हो म्हणेल. तो कधीच नाही म्हणत नाही, कारण तो नुसती लांबी लिहून ठेवतो, जागा राखून ठेवत नाही. जागा पान-पान करून, हात लावाल तेव्हा मिळते. डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवायच्या डब्यात) ‘/डेव्ह/शम’ सांगितल्याशिवाय ६४ एमबीचंच असतं. म्हणजे ४ केबीची १६,३८४ पानं. पुढच्या पानाला हात लावलात की प्रोसेस जागच्या जागी ठार. ना रिटर्न कोड, ना ‘जागा नाही’ असा सभ्य निरोप. मशीन लर्निंगची ट्रेनिंग करणारी मंडळी डेटा लोडरचे वर्कर वाढवतात, बस एरर खातात आणि मग वर्कर शून्यावर आणून ट्रेनिंग रात्रभर चालवतात. एफट्रंकेटनंतर पॉझिक्स-एफ-ॲलोकेट मारलं असतं तर जागा नाही हे सुरुवातीलाच कळलं असतं, कंटेनर चढवताना ‘शम-साइज’ दिलं असतं तर जागाही मिळाली असती. पण मग कंटेनरला शिव्या कशा देता आल्या असत्या?

एम-मॅप करताना शेअर्डऐवजी प्रायव्हेट मॅपिंग घ्या. आपण लिहिलेलं आपल्यालाच दिसतं.

शेअर्ड मेमरीत पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, खुशाल ठेवा. तो सेगमेंट तुमच्याकडे ज्या पत्त्यावर बसलाय त्याच पत्त्यावर शेजारच्या प्रोसेसमध्ये बसेल, ही श्रद्धा. कर्नेल मुद्दाम दर वेळी पत्ते हलवतं, पण श्रद्धेपुढे कर्नेल काय. सुरुवातीपासूनचं अंतर ठेवावं, पत्ता ठेवू नये, असं म्हणणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांना स्टँडर्ड स्ट्रिंग आणि व्हर्च्युअल फंक्शनवाला ऑब्जेक्ट थेट सेगमेंटमध्ये टाकून दाखवा. दोन्हींच्या पोटात पॉइंटर असतात, तेवढेच जास्तीचे.

लॉक, म्हणजे एका वेळी एकीलाच आत सोडणारं कुलूप? दोन्ही प्रोसेस शहाण्या असतील तर लॉक कशाला? अगदीच भीती वाटली तर पीथ्रेड लायब्ररीचा म्युटेक्स (असंच एक कुलूप) सेगमेंटमध्ये ठेवा, पण त्याला ‘प्रोसेस-शेअर्ड’ ॲट्रिब्यूट लावू नका. न सांगता तो प्रायव्हेट असतो, आणि गर्दी नसेल तोवर चालतोही झकास. लॉक मोकळा असेल तर सगळं काम मेमरीतल्या एका आकड्यावर भागतं, कर्नेलपर्यंत जावंच लागत नाही. त्यामुळे टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं. लोड आला, एक प्रोसेस लॉकसाठी झोपली, दुसरीनं सोडताना तिला हाक मारली, तर ती हाक हाक मारणारीच्याच घरात घुमते. प्रायव्हेट म्हटल्यावर कर्नेल शेजारच्या प्रोसेसमध्ये डोकावतच नाही. झोपलेली झोपलेलीच. ‘रोबस्ट’ ॲट्रिब्यूट तर नावही काढू नका. लॉक धरून एखादी प्रोसेस मेली तर पुढच्याला ‘ओनर डेड’ असं उत्तर मिळतं, डेटा तपासून म्युटेक्स पुन्हा चालू करता येतो. त्यापेक्षा किल्ली घेऊन वारलेल्या भाडेकरूची दाराबाहेर वाट बघत बसा.

सीमध्ये व्हेरिएबलला व्होलाटाइल लिहिलं की झालं. इंटेलच्या लॅपटॉपवर लिहिण्याचा क्रम पाळला जातो. एआरएमच्या सर्व्हरवर ‘तयार’चा झेंडा आधी वर गेला आणि डेटा मागून आला, तर तो एआरएमचा दोष.

पायथॉनवाल्यांचा प्रकार उलटा. ३.८ मध्ये शेअर्ड मेमरीचा क्लास आला. वेगळी सुरू केलेली एखादी प्रोसेस सेगमेंटला नुसती जोडली गेली तरी जाताना तो पुसून जाते, मालक अजून वापरत असला तरी. जोडताना ‘ट्रॅक’ फॉल्स द्यायची सोय ३.१३ मध्ये झाली. ती वापरणं भित्रेपणाचं लक्षण.

आता मुख्य विषय, मेमरी न सोडणं. इथं शिस्त लागते. प्रोसेस मेली की कर्नेल तिची मॅलॉकनं, म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं, घेतलेली मेमरी काढून घेतं, फाइली मिटतं, सॉकेट बंद करतं. सिस्टिम फाइव्हच्या सेगमेंटपासून मात्र फक्त तिचा हात सोडवतं. सेगमेंट तसाच राहतो, कारण उद्या दुसरी कोणी प्रोसेस येऊन तीच की मागेल, अशी कर्नेलची भाबडी समजूत. या समजुतीचा पुरेपूर फायदा घ्यायचा. प्रत्येक वर्करनं सुरू होताना ‘आयपीसी-प्रायव्हेट’ म्हणून १ एमबीचा सेगमेंट घ्यावा. नावात प्रायव्हेट असलं तरी त्याचा अर्थ ‘दर वेळी नवाकोरा द्या’ एवढाच. साफसफाई ॲटएक्झिटमध्ये (प्रोसेस नीट संपताना चालणाऱ्या कोडमध्ये) लिहावी, म्हणजे कोड रिव्ह्यूत शाबासकी मिळते. आणि सेवा रोज रात्री अडीच वाजता जबरदस्तीच्या ‘किल -९’नं मारून पुन्हा सुरू करावी, कारण ‘मेमरी वाढत जाते’. किल -९ मध्ये ॲटएक्झिट चालत नाही. सेगमेंटेशन फॉल्टमध्ये चालत नाही. हँडलर लिहिला नसेल तर साध्या टर्म सिग्नललाही चालत नाही. मेमरी का वाढत जाते याचं उत्तर त्या रात्री अडीचच्या स्क्रिप्टमध्येच बसलेलं आहे, पण ती स्क्रिप्ट लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो.

हिशेब करा. ३२ वर्कर, रोज रात्री ३२ नवे सेगमेंट. लिनक्समध्ये सेगमेंटच्या संख्येची ठरलेली मर्यादा ४,०९६. बत्तीसनं भागा: १२८ रात्री. एक जानेवारीला मशीन चढवलंत तर महाराष्ट्र दिनानंतर आठवडाभरात, म्हणजे निम्मी टीम आंबे खायला गावी गेलेली असताना, शमगेट हात वर करतं आणि ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणतं. डिव्हाइस म्हटलं म्हणून लोक डिस्क बघतात. कर्नेलनं सेगमेंटच्या तक्त्यात जागा नाही एवढंच सांगितलंय. ‘आयपीसीएस -यू’ मारलं तर पहिल्या काही ओळींत ‘सेगमेंट्स ॲलोकेटेड ४०९६’ असं छापून येतं. तेही मारायचं नसेल तर ‘फ्री’ मारा, ‘शेअर्ड’च्या रकान्यात ४ जीबी उभे असतात. पण नाही. तेच ४ जीबी ‘बफ-कॅश’मध्येही मोजलेले असतात, म्हणून ‘कॅश आहे, लागली की सुटेल’ असं ठासून सांगणारा एक तज्ज्ञ प्रत्येक मीटिंगमध्ये असतोच. नाही सुटत. मेमरी संपली की कर्नेल प्रोसेस मारतं, सेगमेंट नाही. मेलेल्या प्रोसेसचा सेगमेंट मागे उरतो आणि पुढच्या प्रोसेसचा बळी जातो.

‘आयपीसीएस -एम’च्या यादीतली एक ओळ बघाच. की: आठ शून्यं. मालक: रूट. परवानगी: ६६६. बाइट्स: १०४८५७६. एनअटॅच: ०. स्टेटस: रिकामं. म्हणजे याला कोणी जोडलेलं नाही, कीनं याला कोणी शोधू शकत नाही, ज्या प्रोसेसला याचा आयडी माहीत होता ती मेली, आणि ‘डेस्ट’ लिहिलेलं नाही म्हणजे याचं दहन करा असंही कोणी सांगून गेलेलं नाही. अशा चार हजार ओळी. खालपर्यंत स्क्रोल करायला अंगठा दुखतो.

यावर शोधून काढलेला उपाय तर आणखी थोर: क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) आयपीसीआरएम ही सेगमेंट पुसायची कमांड. दर तासाला सगळे सेगमेंट उडवायचे, एनअटॅच न बघता. चालू प्रोसेस ज्याला जोडलेल्या आहेत तो सेगमेंट लगेच मरत नाही, त्याची फक्त की जाते. मग नवा वर्कर येतो, जुनीच की मागतो, क्रिएट फ्लॅग असल्यानं त्याला दुसराच सेगमेंट मिळतो. अर्धे वर्कर जुन्यात लिहितायत, अर्धे नव्यातून वाचतायत, आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो की आकडे जुळत नाहीत. त्यावर उत्तर काय, तर रीबूट!

पुरे. आता सरळ सांगतो, कारण तुम्हाला उपरोधही कळायचा नाही. पगार घेऊन लिहिलेला कोड आहे हा, आणि ज्याला मेमरी मागता येते त्याला ती सोडता आलीच पाहिजे. पालक प्रोसेसनं सेगमेंट घ्यायचा, शमॅटनं जोडायचा आणि त्याच क्षणी, पुढच्याच ओळीत, शमसीटीएलनं आयपीसी-आरएमआयडी (सगळे सुटले की पूस, ही सूचना) मारायचं. हो, लगेच. घाबरता कशाला? जोडलेल्यांचं काही बिघडत नाही. नंतर फोर्क केलेल्या, म्हणजे पालकानं जन्माला घातलेल्या, मुलांना जोडणी आपोआप मिळते. शेवटची प्रोसेस सुटली, मेली, किल -९नं मारली, मेमरी संपल्यावर ओओएमनं खाल्ली, काहीही झालं तरी कर्नेल तो सेगमेंट स्वतः पुसतं. पॉझिक्स पद्धतीत दोघांनी उघडून झालं की शम-अनलिंकनं नाव पुसायचं, तोच हिशेब. नातं नसलेल्या प्रोसेसना द्यायचा असेल तर मेमएफडी-क्रिएट वापरा, त्यातून मिळालेला डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीसारखा क्रमांक) युनिक्स सॉकेटवरून पाठवा. त्याला मागे उरायला नावच नसतं. कर्नेल ३.१७ पासून आहे, म्हणजे २०१४ पासून. बारा-बारा वर्षं अनुभव लिहिता ना रेझ्युमेवर?

आणि ‘आयपीसीएस -एम -पी’ मारलं की सेगमेंट कोणी बनवला त्याचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, समोर येतो. लॉग पुसले नसतेत तर त्या पीआयडीवरून दहा मिनिटांत प्रोग्राम सापडला असता. सापडला असता तर दिसलं असतं की ३२ वर्करच्या त्या सगळ्या कोडमध्ये शमसीटीएलची एक ओळ नाही. एक ओळ. तीन आर्ग्युमेंट. त्यातलं तिसरं तर नलच द्यायचं असतं.